रंगमंचावरचा गळा आणि देवळाचें अंगण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कोथरूड येथें भरलेल्या गायनसभेच्या प्रारंभीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला बोलण्यास जो विषय नेमून दिला आहे तो वरवर पाहतां हलका वाटेल. परंतु गेले कांहीं महिने आपल्या या धर्मग्रामांत ज्याच्यामुळें थोडी गरमागरमी झाली तो विषय हाच. रंगमंचावर नकला करणारा, नाचगाण्यानें लोकांना रिझविणारा, चित्रपटाच्या पडद्यामागून गाणारा एखादा कलावंत जेव्हां प्रभु येशू ख्रिस्ताच्या स्तुतीचीं गीतें आजच्या पॉप संगीताच्या थाटांत ध्वनिमुद्रित करतो आणि त्यांचा आल्बम घरोघर जातो, तेव्हां आपण त्या गीतांचें काय करावें? आपल्या तरुण मंडळाचें म्हणणें असें कीं, तीं मिस्सेंत गाऊं द्यावींत. गायकवृंदांतील वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, तीं देवळाच्या आवारांतहि नकोत. दोन्ही बाजूंचीं माणसें माझ्याकडे येऊन गेलीं, दोघांचेंहि मीं ऐकून घेतलें, आणि दोघांनाहि मीं सांगितलें कीं, या गायनसभेंत मी सर्वांसमक्ष बोलेन. तें वचन आज पुरें करीत आहें.

हा प्रश्न नुसता कल्पनेंतला नाहीं. १९८२ सालीं ‘डिस्को डान्सर’ नांवाचा हिंदी चित्रपट निघाला. संगीत बप्पी लाहिरी यांचें, नृत्य मिथुन चक्रवर्ती यांचें, आणि ज्या मुख्य गीतावर तें नृत्य बसविलें होतें त्याला कंठ दिला होता विजय बेनेडिक्ट या गायकानें. तो चित्रपट आपल्याकडे तर गाजलाच, पण त्या काळच्या सोव्हिएत रशियांतहि लोकांनीं त्यासाठीं रांगा लावल्या. आज या सभेंत जे आजोबा म्हणून बसले आहेत त्यांच्यापैकीं कित्येक जण त्या गाण्यावर नाचलेले आहेत. नांवें मी घेत नाहीं. तोच गळा पुढें ख्रिस्तस्तुतीकडे वळला. विजय बेनेडिक्ट यांनीं प्रभूचीं हिंदी गीतें ध्वनिमुद्रित केलीं आणि सभांतून तीं गाणें हें आपलें कार्य मानलें. दुसरें नांव तर लहान मुलांनाहि ठाऊक आहे. मुंबईंत हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यांत काम करीत असतां वरिष्ठांच्या आणि सोबत्यांच्या नकला करून ज्यांनीं आपलें टोपणनांव मिळविलें, कल्याणजी-आनंदजी यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून जे पुढें आले, ते जॉनी लिव्हर आज ख्रिस्ती मेळाव्यांत उभे राहून आपल्या विश्वासाची साक्ष देतात.

यावर आपल्या एका ज्येष्ठ गायकबंधूंनीं मला विचारलें कीं, फादर, ज्या गळ्यानें काल डिस्को गाइला त्याच गळ्यानें आज प्रभूचें नांव घ्यावें हें आपणांस पटतें का? प्रश्न रोखठोक होता आणि त्याच्या मुळाशीं देवळाविषयींचा आदरच होता. ख्रिस्तसभेनेंहि एके काळीं हाच प्रश्न केला आहे, आणि तो याहून कठोरपणें. इ. स. ३१४ मध्यें आर्ल येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें असा नियम केला कीं, रंगभूमीवर काम करणारे लोक तो धंदा सोडीत नाहींत तोंवर त्यांना ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवावें. त्या काळचे खेळ कसले होते हें ज्याला माहीत आहे तो त्या धर्माध्यक्षांना दोष देणार नाहीं. त्यांत बीभत्सपणा होता, आणि ख्रिस्ती संस्कारांची टवाळी हाहि लोकांना हंसविण्याचा एक मार्ग होता. परंतु परंपरा सांगते कीं, त्याच रंगभूमीनें आपल्याला एक संतहि दिला. गेनेसिउस नांवाचा रोममधील नकलाकार सम्राट डायोक्लेशन याच्यासमोर बाप्तिस्म्याची नक्कल करीत असतां नक्कल करतां करतांच पालटला. आपण आतां खरोखरच ख्रिस्ती झालों असें त्यानें भर खेळांत जाहीर केलें आणि त्यासाठीं प्राण दिला. नटांचा आश्रयदाता म्हणून २५ ऑगस्टला त्याचें स्मरण होतें. ज्या धंद्याला दारांत उभें केलें जात नव्हतें, त्याच धंद्यांतून आलेल्याला ख्रिस्तसभेनें वेदीवर स्थान दिलें.

आसीसीकर संत फ्रान्सिस यांची गोष्ट तर याहून गोड आहे. त्या काळीं युरोपांत गांवोगांव फिरून गाणारे, कसरती करणारे, गोष्टी सांगणारे भाट असत. आपल्याकडच्या बहुरूपी, डोंबारी आणि शाहीर यांचें मिश्रण म्हणा ना. संत फ्रान्सिस आपल्या बंधूंना प्रभूचे भाट म्हणत. त्यांच्या पहिल्या सोबत्यांत पॅसिफिको नांवाचे एक बंधु होते. संन्यास घेण्यापूर्वीं ते प्रपंचांतले नांवाजलेले कवि आणि गायक होते. काव्याबद्दल सम्राटाच्या हातून त्यांना मुकुट मिळाला होता असें सांगतात. १२२५ सालीं, दृष्टि गेलेली आणि शरीर झिजलेलें अशा स्थितींत, संत फ्रान्सिस यांनीं सूर्यबंधूचें आपलें प्रसिद्ध स्तोत्र रचलें, तेव्हां तें गांवोगांव गाण्यासाठीं त्यांना आठवण झाली ती याच पॅसिफिकोची. त्यांचा गळा त्यांना नवा करून घ्यावा लागला नाहीं. लोकांना खिळवून ठेवण्याची जी विद्या ते दरबारांत शिकले होते तीच चौकांत कामाला आली. स्तोत्र गाऊन झाल्यावर लोकांना काय सांगावयाचें तेंहि संत फ्रान्सिस यांनीं ठरवून दिलें होतें. आपण प्रभूचे भाट आहों आणि आपली बिदागी एवढीच कीं, तुम्हीं खऱ्या पश्चात्तापानें राहावें. बिदागीचा हा मुद्दा कृपया लक्षांत ठेवा. त्याकडे मी पुन्हां येणार आहें.

आणि एवढें दूर जाण्याचें तरी कारण काय? आपल्या महाराष्ट्रांत हें अनेकदां घडलें आहे. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांनीं फडावर लावण्या गाइल्या आणि नंतर कीर्तनाची कांस धरली. मोरोपंतांच्या आर्या महाराष्ट्राच्या कानांत घालण्यांत या एके काळच्या तमाशगिराचा वाटा मोठा आहे. आणखी जवळचें उदाहरण हवें असेल तर येथून फार तर दोन मैलांवर, विधि महाविद्यालयाच्या रस्त्यावर, प्रभात फिल्म कंपनीची जागा आहे. १९३३ सालीं ती कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली आणि १९३६ सालीं तिनें ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. तुकोबांची भूमिका कोणाला दिली? विष्णुपंत पागनीस यांना. हे गृहस्थ संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका करून नांवाला चढलेले. म्हणजे लुगडें नेसून रंगमंचावर लटके मुरके करणारा नट देहूच्या संताचें सोंग घेणार! पण पडद्यावर त्यांनीं वीणा हातीं घेतली आणि महाराष्ट्रानें त्यांना तुकोबाच मानलें. पुढें ‘संत तुलसीदास’ आणि ‘नरसी भगत’ या चित्रपटांतहि त्यांच्याकडे संतांच्याच भूमिका आल्या. १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला. त्यांतली दुसरी एक हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं अभंगाच्या धर्तीवर एक पद नवें रचलें, केशवराव भोळे यांनीं त्याला चाल दिली, आणि तें इतकें खरें उतरलें कीं, जाणते लोकसुद्धां तें तुकोबांचेंच समजून गाथेंत शोधूं लागले. म्हणजे करमणुकीच्या कारखान्यांत, मोबदला घेऊन, ठरलेल्या मुदतींत रचलेलें गीत भक्ताच्या ओठांवर खऱ्या अभंगाशेजारीं बसूं शकतें. मात्र तें रचणाऱ्यानें अभंग पचविलेला असला पाहिजे. आठवल्यांनीं तो पचविला होता.

आपल्या ख्रिस्ती घरांकडे पाहिलें तर देवघेव उलट्या दिशेनेंहि झालेली दिसते. पोर्तुगीज अमलांतल्या गोव्यांत धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत, तें देवळांतल्या गायनासाठीं. तेथून निघालेलीं मुलें मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरलीं. माजोर्डे येथील अँथनी गोन्साल्विस यांचे वडील गांवच्या देवळांत गायकवृंद चालवीत. मुलगा मुंबईंत चित्रपटसंगीताचा जाणकार योजक झाला आणि प्यारेलाल यांचा गुरु झाला. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ मधल्या ज्या गाण्यांत त्यांचें नांव घेतलें जातें तें गाणें आपल्या लग्नांत अजून वाजतें, पण तें नांव एका खऱ्या गुरूचें आहे आणि शिष्यानें गुरूला केलेला तो नमस्कार आहे हें वाजविणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतें. सांगण्याचा भाव हा कीं, हिंदी चित्रपटाच्या संगीतानें आपल्या देवळाकडून भांडवल उचललें आहे. त्यांतून दोन पैसे व्याज म्हणून परत आले तर आपण तोंड फिरवूं नये.

तेव्हां गळा कोठून आला याची चौकशी माझ्यापुरती संपली. जो गातो त्याच्या अंतःकरणाचा न्याय देव करील. धर्मग्राम समितीनें तो करण्याचें कारण नाहीं. पण आपल्या तरुण मित्रांनीं एवढ्यावर टाळ्या वाजवूं नयेत, कारण खरा प्रश्न यापुढें आहे, आणि तो चालीचा आहे.

पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, गायकांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीताविषयीं एक आज्ञापत्र काढलें. इटलींतल्या देवळांत त्या वेळीं ऑपेराच्या थाटाचें गाणें बोकाळलें होतें. मिस्सा चालली आहे कीं नाटकाचा प्रवेश चालला आहे हें ओळखूं येत नसे. त्यांनीं पियानो, ढोल, झांजा यांना देवळांत मनाई केली आणि प्राचीन ग्रेगोरियन गायनाला पुन्हां मान दिला. बरोबर साठ वर्षांनीं, ४ डिसेंबर १९६३ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचें आपलें संविधान प्रसिद्ध केलें. त्यांत ग्रेगोरियन गायनाचें अग्रस्थान कायम ठेविलें, परंतु त्याबरोबरच लोकांच्या भक्तिगायनाला उत्तेजन द्यावें, निरनिराळ्या देशांच्या संगीतपरंपरेचा आदर राखावा, आणि पवित्र कार्याला शोभतील अशीं अन्य वाद्यें स्वीकारावींत असेंहि सांगितलें. आमच्या सेमिनरींत हीं दोन्ही पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून शिकवीत. विद्यार्थ्यांपैकीं निम्मे पहिल्याच्या बाजूचे आणि निम्मे दुसऱ्याच्या. वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चाले. पण दोन्ही पत्रांच्या तळाशीं एकच काळजी आहे, आणि ती ढोलाची नाहीं कीं गिटारीची नाहीं. लोकांनीं गावें कीं लोकांनीं ऐकावें, ही ती काळजी आहे. ऑपेराच्या थाटांत लोक श्रोते झाले होते. आजच्या पॉप थाटांतहि लोक श्रोतेच होतात.

हें कसें होतें तें थोडें उकलून सांगतों, कारण येथें माझे आणि तरुणांचे मतभेद आहेत. आल्बमचें गीत कसें तयार होतें? बंद खोलींत आधीं ताल मुद्रित करतात, मग एकेक वाद्य वेगळें वेगळें, आणि शेवटीं गायक कानांवर हेडफोन चढवून एकटाच गातो. एक ओळ बिघडली तर तेवढीच पुन्हां गाऊन घेतात. सूर किंचित् हलला तर यंत्राकडून तो जागेवर बसवितात. यांत वाईट कांहीं नाहीं. तो त्या कलेचा धर्म आहे. परंतु त्या खोलींत मंडळी नाहीं. गीत रचलेलें आहे तें एका कसलेल्या गळ्यासाठीं, त्याच्या सोयीच्या पट्टींत, त्याच्या दमाच्या लांबीवर. त्यांत मध्येंच स्वर एकदम वर उडी घेतो, शब्द तालाच्या आधीं किंवा मागून पडतात, कडव्याच्या शेवटीं गायक आपल्या मनाप्रमाणें हरकती घेतो. तेंच गीत रविवारीं सकाळीं साडेआठ वाजतां आपण तीनशें माणसांपुढें ठेवतों. आपल्या पुरुषांचा गळा काळी एक-दोनमध्यें मोकळा होतो, स्त्रियांचा काळी चार-पांचमध्यें. आल्बमच्या पट्टींत पहिल्यांचा आवाज फाटतो नाहीं तर दुसऱ्यांचा बुडतो. दोन ओळींनंतर पुरुष गप्प बसतात, ध्रुवपदाला स्त्रिया गप्प बसतात, आणि मग ध्वनिक्षेपकापाशीं उभीं असलेलीं चार मुलें गातात व बाकीचें देऊळ त्यांच्याकडे पाहत राहतें. तरुणांनो, तुमचें गाणें चांगलें होतें. पण पुढच्या रविवारीं जरा मागें वळून बघा.

उलट आपल्या वारकरी बांधवांकडे पाहा. पालखी पुण्यांतून जाते तेव्हां हजारों माणसें चालतां चालतां गातात, कोणाच्या हातीं पुस्तक नसतें, आणि कोणी गप्प नसतें. अभंगाचे चरण आंखूड, चाल सात-आठ स्वरांच्या आंत फिरणारी, एकानें म्हणावें आणि सर्वांनीं उचलावें अशी तिची ठेवण. ओवीचेंहि तसेंच. आपले फादर थॉमस स्टीफन्स यांना हें मर्म चारशें वर्षांपूर्वीं उमगलें होतें. इंग्लंडमध्यें जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आला, मराठी शिकला, आणि १६१६ सालीं त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ छापलें गेलें. त्या ग्रंथाच्या आरंभींच असा प्रसंग आहे कीं, एक नवख्रिस्ती ब्राह्मण गुरूला विचारतो, आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलींत, मग त्यांच्या जागीं तसेंच कांहीं आम्हांस कां देत नाहीं? फादर स्टीफन्स यांनीं त्याला लॅटिन स्तोत्र दिलें नाहीं, इंग्रजी चालहि दिली नाहीं. दहा हजारांहून अधिक ओव्या दिल्या. ओवी हा त्या काळचा लोकप्रिय थाटच होता. म्हणून लोकप्रिय थाट देवळाला वर्ज्य आहे असें म्हणणाऱ्यानें आधीं ‘ख्रिस्तपुराण’ बाजूला ठेवावें लागेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यानंतर भजन आणि कीर्तन यांची जी वाट धरली तीहि हीच. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, पण त्यांचीं गीतें पंथाची भिंत ओलांडून आपल्या घरांत आलीं. १९६४ सालीं मुंबईंत आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद महोत्सव भरला आणि पोप सहावे पॉल स्वतः आले, त्या वेळीं अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रॉक्श यांनीं हिंदुस्थानी संगीत आणि नृत्य यांतून सुवार्ता लोकांपुढें उभी केली. जन्मानें जर्मन असलेल्या धर्मगुरूनें भजनें रचावींत आणि आपण कोथरूडच्या मराठी माणसांनीं इंग्रजी आल्बमाचा उच्चार घोटीत बसावें, याला काय म्हणावें?

येथें भाषेविषयीं एक तक्रार करूं द्या. आपल्याकडे येणाऱ्या नव्या ख्रिस्तगीतांपैकीं बरींच इंग्रजी किंवा हिंदी गीतांवरून घाईघाईनें मराठींत उतरविलेलीं असतात. चाल मूळची, शब्द आपले. आणि दोघांचें पटत नाहीं. जेथें आपला ऱ्हस्व उकार आहे तेथें चाल चार मात्रा ओढते आणि ‘प्रभु’चा ‘प्रभूऊऊ’ होतो. जेथें आपलें दीर्घ अक्षर आहे तेथें चाल धांवते आणि शब्द चिरडला जातो. मग मुलें म्हणतात, मराठींत गाणें ‘बसत’ नाहीं. मराठींत गाणें उत्तम बसतें. ज्ञानेश्वरांपासून लावणीपर्यंत बसलेलेंच आहे. बसत नाहीं तें उसनें गाणें. पुण्यांत आपली मराठी मंडळी इंग्रजी, कोंकणी, तामिळ, मल्याळी मिस्सांच्या मध्यें एका वेळेपुरती उरली आहे. त्या एका मिस्सेंतहि आपण आपल्या भाषेंत मोकळ्या गळ्यानें गाइलों नाहीं, तर पुढच्या पिढीला ती वेळहि नकोशी होईल. आल्बम वाईट कीं चांगला यापेक्षां ही चिंता मला मोठी वाटते.

आतां बिदागी. करमणुकीचा कलावंत प्रभूचें गीत गातो तेव्हां पैशांचें काय, हा प्रश्न आपल्या सभांत कुजबुजीनें विचारला जातो. तो मोठ्यानें विचारावा. अमेरिकेचे बिंग क्रॉस्बी हे येशूसंघीयांच्या शाळेंत शिकलेले कॅथलिक गृहस्थ, त्यांच्या देशांतले त्या काळचे सर्वांत लोकप्रिय गायक. १९३५ सालीं नाताळचें ‘सायलेंट नाइट’ हें गीत ध्वनिमुद्रित करण्याची गोष्ट निघाली तेव्हां ते कचरले. पवित्र गीतावर आपण पैसा मिळवावा हें त्यांना रुचेना. शेवटीं त्याचें उत्पन्न धर्मकार्याला देण्याचें ठरलें आणि मगच त्यांनीं तें गाइलें. हें झालें श्रीमंत गायकाचें. दुसरी हकीकत दुःखाची आहे. बेल्जममधील डॉमिनिकन संघाच्या एका भगिनीनें, त्यांचें जगाला माहीत असलेलें नांव सिस्टर स्माइल, संत डॉमिनिकवर एक साधें फ्रेंच गीत रचून गिटारवर गाइलें. १९६३ च्या अखेरीस तें अमेरिकेंत लोकप्रियतेच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. पैसा आला तो ध्वनिमुद्रण कंपनीकडे आणि मठाकडे. १९६६ सालीं त्या मठ सोडून गेल्या, आणि नंतर सरकारनें कर मागितला तो त्यांच्याकडे! देण्यास त्यांच्याजवळ कांहीं नव्हतें, हिशेबाचा पुरावाहि नव्हता. १९८५ सालीं निराशेच्या भरांत त्यांनीं आपल्या जीविताचा शेवट केला. एका निर्मळ गाण्यानें लाखों लोकांना आनंद दिला आणि गाणारी मात्र एकटी पडली. मिस्सेंत मी त्यांच्यासाठीं प्रार्थना करतों, आपणहि करावी.

म्हणून संत फ्रान्सिस यांची बिदागी ज्यानें स्वतः ठरविली आहे त्यानेंच ती घ्यावी. दुसऱ्याच्या पोटावर ती लादूं नये. जो तबलजी, जो कीबोर्ड वाजविणारा, जो ध्वनिमुद्रक आपल्यासाठीं रात्र जागतो त्याला त्याचा मेहनताना रोख आणि वेळेवर मिळाला पाहिजे. ‘देवाचें काम आहे’ हें वाक्य पैसे बुडविण्यासाठीं वापरूं नये. ज्यांचीं गीतें आपण घेतों त्यांच्या परवानगीवांचून त्यांच्या प्रती काढून वाटूं नयेत. फुकट उतरवून घेतलेलें स्तोत्र हें चोरीचेंच असतें, मग तें कितीहि भक्तीनें गाइलें तरी.

असो. आतां आपल्या घरचा निकाल सांगतों.

मिस्सेंत आल्बमचीं गीतें जशींच्या तशीं गाइलीं जाणार नाहींत, आणि मुद्रित साथसंगत लावून तर मुळींच नाहींत. वेदीसमोर जिवंत माणसांनीं गावें, चुकलें तरी चालेल. परंतु तरुण मंडळास जें गीत मनापासून आवडतें तें त्यांनीं गायकवृंदाच्या प्रमुखांकडे आणावें. शब्द श्रद्धेला धरून आहेत कीं नाहींत तें मी पाहीन. पट्टी उतरवून, हरकती काढून, ध्रुवपद सर्वांना उचलतां येईल असें करून तें बसवितां येतें का तें दोघांनीं मिळून पाहावें. बसलें तर ऑफेर्तोरीच्या किंवा समाप्तीच्या वेळीं आपण तें गाऊं. देवळाच्या अंगणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथें गिटार, ड्रम, दिवे, नाच, नकला, सगळें येऊं द्या. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहांत तिकीट काढून जी करमणूक आपण पाहतों तिच्यापेक्षां आपल्या मुलांची करमणूक हलकी नाहीं, आणि आपल्या शेजारचे हिंदु बांधव देवळांत येण्यास संकोचतात ते अंगणांत खुशाल येतील. महोत्सवाच्या शेवटच्या शनिवारीं ही अंगणसभा होईल. वडीलधाऱ्या मंडळींनीं पुढच्या रांगेंत बसावें अशी माझी विनंती आहे. कानांत कापूस घालण्यास हरकत नाहीं.

आणखी एक काम मी दोन्ही पक्षांवर सोपवीत आहें. आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें अहमदनगर जिल्ह्यांतल्या खेड्यांतून येथें आलीं. ज्यांच्या आया-आज्या हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत जात, जात्यावर बसून येशूजन्माच्या, मरियामातेच्या ओव्या म्हणत. जातीं गेलीं. ओव्या चार-पांच वृद्ध भगिनींच्या तोंडीं आहेत, आणि त्यांपैकीं एक गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. याच पुण्यांत हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथलेच झालेले गी पॉइटवॅं यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ गाणाऱ्या बायांच्या आवाजांत मुद्रित केल्या आहेत. आपल्या आज्यांच्या ओव्या आपणच मुद्रित केल्या पाहिजेत. तरुणांजवळ यंत्रें आहेत आणि तीं चालविण्याची हुशारी आहे. वडिलांजवळ त्या घरांचे पत्ते आहेत आणि ओळख आहे. दोघांनीं मिळून जावें. तेथें पट्टी सुधारूं नये, खोकला आला तर तो कापूं नये, मागें प्रेशर कुकरची शिट्टी वाजली तर ती वाजूं द्यावी.

गायकवृंदाचा सराव यापुढें बुधवारीं सायंकाळीं सात वाजतां सभागृहांत होईल आणि तरुण मंडळानेंहि त्यालाच यावें. दोन वेगळे सराव आजपासून बंद. पेटीचा भाता फाटलेला आहे, तो समितीनें या आठवड्यांत दुरुस्त करून घ्यावा. आणि ज्यांच्या घरीं ओव्या येणाऱ्या आजी आहेत त्यांनीं आज जातांना दाराशीं ठेविलेल्या वहींत त्यांचें नांव लिहावें, म्हणजे कोणाकडे आधीं जावयाचें तें ठरवितां येईल.